‘सुरक्षेच्या कारणास्तव नाव सांगता येत नाही’

युद्धाच्या काळात एखाद्या ‘सामान्य नागरिकांच्या मंचा’ने संपर्क साधून मदत मागितली, तर होकार देण्याआधी हे वाचा. माझी जी फसवणूक झाली तीत माझा एक पैसाही गेला नाही. माझं नाव मात्र वापरलं गेलं, आणि माझ्या शब्दावर विसंबणाऱ्या माणसांचा विश्वासही.

मी भाषांतराचं काम करते. दोन देशांत युद्ध पेटलं होतं, रोजच्या बातम्यांनी जीव कासावीस होत होता. अशात एका मंचाचा ईमेल आला. युद्धग्रस्त भागातल्या लोकांच्या साक्षी आम्ही गोळा करतो, त्या वेगवेगळ्या भाषांत पोचायला हव्यात, मानधन देता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. वेबसाइट नीटनेटकी होती. डॉक्टर, शिक्षिका, निवृत्त सैनिक अशा कार्यकर्त्यांचे हसरे फोटो होते. आलेला मजकूर वाचताना अंगावर काटा यायचा: तळघरात लपलेली कुटुंबं, औषधं संपलेलं रुग्णालय, बेपत्ता मुलं. मी रात्री जागून भाषांतरं केली. ती माझ्या नावानिशी प्रसिद्ध होत आणि ओळखीची माणसं ‘तू केलंयस म्हणजे खरंच असणार’ म्हणत पुढे पाठवत. त्या मंचाला माझ्याकडून नेमकं हेच हवं होतं.

शंका आली ती एका परिच्छेदामुळे. संध्याकाळी आलेल्या एका निवेदनात शस्त्रसंधीला विरोध करणारा भाग होता. त्याच्यावर मी बराच वेळ घालवला होता, त्यामुळे तो डोक्यात पक्का बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी युद्धातल्या एका सरकारचा मंत्री पत्रकार परिषदेत बोलायला उभा राहिला आणि तोच परिच्छेद बोलू लागला. तेच उदाहरण, मुद्द्यांचा तोच क्रम, शेवटचा प्रश्नही तोच. मंचाने मंत्र्याचं बोलणं उचललं असतं तर एक वेळ समजलं असतं. पण मंत्री बोलण्याच्या आदल्या संध्याकाळीच ते बोलणं माझ्याकडे ‘नागरिकांचं निवेदन’ म्हणून येऊन पडलं होतं.

मग मी त्या कार्यकर्त्यांचे फोटो मोठे करून पाहिले. शिक्षिकेच्या एका कानात गोल डूल होतं, दुसऱ्या कानात लांबट काहीतरी, आणि ते पाळीतून न लोंबता सरळ गालात विरघळलं होतं. डॉक्टरांच्या चष्म्याची एक काडी कानापर्यंत पोचतच नव्हती. सगळे फोटो एकाखाली एक लावले तेव्हा प्रत्येकाचे डोळे चौकटीत अगदी एकाच उंचीवर आले. खऱ्या माणसांचे फोटो असे कधीच जुळत नाहीत. संगणकाने बनवलेल्या चेहऱ्यांमध्ये ही खूण हमखास सापडते, विशेषतः काही वर्षांपूर्वीच्या तंत्राने बनवलेल्या. म्हणजे ती माणसंच नव्हती.

मी मंचाला सरळ विचारलं: साक्ष देणाऱ्यांपैकी एकाशी तरी बोलता येईल का? उत्तर अतिशय सभ्य भाषेत आलं. सुरक्षेच्या कारणास्तव नावं सांगता येत नाहीत, त्यांचे नातेवाईक अजून तिथेच आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे. पुन्हा विचारलं तर उत्तर नाही. थोड्याच दिवसांत वेबसाइट बंद आणि ईमेलचा पत्ताही बंद.

सुरक्षेचं ते कारण वाचलं आणि मला नायिराची साक्ष आठवली. ती इथे सविस्तर सांगते, कारण माझ्याशी खेळला गेलेला डाव तिच्यात पूर्ण दिसतो.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. 10 ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांच्या मानवी हक्क गटापुढे 15 वर्षांची एक मुलगी उभी राहिली. तिची ओळख फक्त ‘नायिरा’ एवढीच करून देण्यात आली. आडनाव सांगितलं तर कुवेतमधल्या तिच्या घरच्यांवर सूड उगवला जाईल, असं कारण दिलं गेलं. तिने रडत सांगितलं की इराकी सैनिक बंदुका घेऊन रुग्णालयात शिरले, इन्क्युबेटरमधून बाळं बाहेर काढली आणि थंडगार फरशीवर मरायला टाकली. ते चित्रण जगभर दाखवलं गेलं. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी आपल्या भाषणांत इन्क्युबेटरची गोष्ट अनेकदा सांगितली, सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या, चर्चेत सदस्यांनी तिचा दाखला दिला. 12 जानेवारी 1991 रोजी सिनेटने युद्धाला मंजुरी दिली, 52 विरुद्ध 47 मतांनी.

ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती. हे उघड झालं 1992 च्या जानेवारीत, म्हणजे युद्ध संपून गेल्यावर. तिची साक्ष ‘सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत’ नावाच्या संघटनेच्या मोहिमेचा भाग होती. नाव नागरिकांचं, पण पैसा जवळजवळ सगळा कुवेत सरकारचा, आणि मोहीम चालवत होती हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी. युद्धानंतर कुवेतमध्ये गेलेल्या तपास करणाऱ्यांना या गोष्टीला आधार सापडला नाही. सुरुवातीला तिला दुजोरा देणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेनेही आपलं म्हणणं मागे घेतलं. शिवाय तो मानवी हक्क गट काँग्रेसची अधिकृत समिती नव्हता, त्यामुळे तिथली साक्ष शपथेवर नव्हती. ही जागा कुणीतरी विचार करूनच निवडली असणार, असं मला वाटतं.

इराकी सैन्याने कुवेतमध्ये छळ केला, माणसं मारली, हे खरंच होतं. खोट्याला अशीच खरी जमीन लागते. माझ्याकडे आलेल्या मजकुरातही शहरं खरी होती, बॉम्बहल्ले खरे होते. मी पडताळून पाहिलं होतं आणि ते जुळलं होतं. खोटा होता तो बोलणारा.

सरकारांच्या मोठ्या फसवणुकी पाहिल्या तर हे पुन्हा पुन्हा दिसतं. 31 ऑगस्ट 1939 च्या रात्री जर्मनीतल्या ग्लायवित्सच्या रेडिओ केंद्रावर ‘पोलिश’ हल्ला झाला, पोलिश भाषेत घोषणाही झाली. हल्लेखोर हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलाचे होते. आदल्या दिवशी अटक केलेल्या एका माणसाला ठार करून पुरावा म्हणून तिथे टाकलं होतं. पहाटे पोलंडवर आक्रमण सुरू झालं.

आपल्या देशाचाही असाच वापर झाला आहे. जुलै 1983 मध्ये दिल्लीच्या ‘पॅट्रियट’ दैनिकात एका निनावी ‘नामवंत अमेरिकी शास्त्रज्ञा’चं पत्र छापून आलं: एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने प्रयोगशाळेत तयार केला. ऑक्टोबर 1985 मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गझेता’ने तेच पुन्हा छापलं आणि आधार म्हणून भारतीय वर्तमानपत्राचं नाव दिलं. तिथून ती अफवा देशोदेशी पसरली. ही सोव्हिएत गुप्तचरांची मोहीम होती, आणि 1992 मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तचर सेवेचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव यांनी त्यातला हात कबूल केला. मॉस्कोने स्वतःच्या तोंडून सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं? दिल्लीच्या तोंडून आलं म्हणून ते टिकलं. माझं नावही असंच वापरलं जात होतं.

सगळ्यात जास्त त्रास मला पुढच्या गोष्टीचा होतो. मंच खोटा होता हे मी जाहीर केल्यावर अनेकांनी लिहिलं, ‘बघ, तिकडे काही घडतच नाहीये, सगळं बनवलेलं.’ तिकडे माणसं खरोखर मरत होती. 1917 मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांनी छापलं होतं की जर्मन लोक स्वतःच्याच सैनिकांच्या मृतदेहांपासून चरबी काढतात. 1925 मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत मान्य केलं की या गोष्टीला काही आधार नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या संहाराच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा जुन्या खोटेपणाची आठवण असलेल्या कित्येकांनी त्यांवर विश्वास ठेवला नाही. एका सरकारने वापरलेल्या खोट्याची किंमत पंचवीस वर्षांनी भलत्यांनीच मोजली.

म्हणून कुणी असा मजकूर घेऊन आलं, तर घटना खरी का हे तपासण्याआधी सांगणारा कोण हे तपासा. साक्षीदाराचं नाव गुप्त ठेवायची खरी गरज असते, ती मी नाकारत नाही. पण प्रामाणिक पत्रकार किंवा मानवी हक्क संघटना साक्षीदाराचं नाव झाकते तेव्हा स्वतःचं झाकत नाही. तिचा पत्ता असतो, पैसा कुठून येतो ते छापलेलं असतं, चूक झाल्यावर जाब विचारायला माणूस असतो. मंचातल्या जबाबदार व्यक्तीशी समोरासमोर बोलायचा आग्रह धरा. त्यांचे फोटो मोठे करून बघा, कान आणि चष्मा बघा. वेबसाइट केव्हा नोंदवली गेली ते बघा. युद्ध पेटल्यानंतरच उगवली असेल तर दुप्पट सावध व्हा. निवेदनातली वाक्यं पुढचे काही दिवस मंत्र्यांच्या आणि प्रवक्त्यांच्या भाषणांत शोधा.

माझ्या नावाने आलेली त्या मंचाची भाषांतरं अजून कुणाकडे असतील तर पुढे पाठवू नका. ज्यांना तुम्ही ती पाठवली होती, त्यांना हा मजकूर पाठवा.