यूएसबी डीव्हीडी रायटर: पिक्चर पटकन घेतो, घरच्या सीड्यांना मात्र नखरे

लॅपटॉपला हल्ली ड्राइव्ह येतच नाही आणि कपाटात लग्न, बारसं, मुंज सगळ्याच्या सीड्या पडून आहेत म्हणून हा पातळवाला एक्स्टर्नल रायटर ऑनलाईन मागवला. रिव्ह्यू बघितले तर निम्मे म्हणतात भारी आहे आणि निम्मे म्हणतात काही डिस्क वाचतो काही नाही, रिटर्न केला. वापरल्यावर सांगतो, दोघंही खरं बोलतायत, फक्त "काही" म्हणजे नेमक्या कुठल्या ते कोणी बघत नाही आणि सगळी गोम तिथेच आहे.

पहिली गोष्ट पॉवरची. ह्याला वेगळा अडॅप्टर नाही, सगळा करंट यूएसबीतूनच. जुन्या यूएसबी २ पोर्टातून नियमाने ५०० मिलीअँपिअर मिळतो, ३ मधून ९००, आणि डिस्क फिरायला लागते त्या क्षणी अशा ड्राइव्हला जरा जास्तच लागतो. मग काय होतं, घुर्रर्र करून वेग घेतो, टक् टक् दोनदा, आणि विंडोजचा तो टुडुंग आवाज येऊन ड्राइव्हच गायब!! लोकांना वाटतं सीडी खराब. हब काढा, डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडून मागच्या पोर्टात थेट लावा. दोन पोर्टांतून करंट घेणारी दोन पिनांची वाय केबल दिली असती तर हा प्रश्नच नव्हता, पण बॉक्समध्ये आहे ती एकच आणि तीही वीतभर, लॅपटॉप स्टँडवर असला की ड्राइव्ह लोंबकळतो.

आता मुख्य. सीडी आणि डीव्हीडीसाठी आत लेसर वेगवेगळे असतात, सीडीला ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड, डीव्हीडीला ६५० चा लाल. त्यामुळे सगळ्या डीव्हीडी चालतायत आणि एकही सीडी चालत नाही, अगदी विकत घेतलेली गाण्यांचीही नाही, तर सीडीचा लेसर गेला समजा आणि सरळ रिटर्न टाका. कस्टमर केअरवाले ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून परत टाका म्हणून सांगतात, त्यात वेळ घालवू नका, ड्रायव्हर बिघडला असता तर एकही डिस्क उघडली नसती. पण कंपनीची छापील सीडी चालते आणि फक्त घरी किंवा फोटोवाल्याने राईट केलेली अडते, असं असेल तर ड्राइव्हला शिव्या देण्याआधी डिस्क हातात घेऊन बघा. राईट केलेल्या सीडीत डेटा रंगाच्या थरात असतो आणि तो थर वर्षानुवर्षं उन्हात, दमटात राहून उतरतो. पुसून परत राईट करता येते त्या रिरायटेबलची चकाकी तर मुळातच कमी, कमजोर लेसरला ती आधी जड जाते.

माझ्याकडच्या बऱ्याच अडलेल्या सीड्या लेन्स पुसल्यावर चालल्या. ह्या ड्राइव्हचं एक बरं आहे, ट्रे बाहेर आला की लेन्सही बाहेर येते, कानकाडीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून अगदी हलक्या हाताने फिरवायचं, दाबायचं नाही, ती बारीक तारांवर तरंगत असते. आणि डिस्क बसवताना मधल्या चकतीवर टक् आवाज येईपर्यंत दाबा, अर्धवट बसली की थरथरते आणि वाचत नाही. सीडी पुसताना मधून कडेकडे, गोल गोल नाही.

हँडीकॅमच्या छोट्या ८ सेंटिमीटरच्या डिस्क कोऱ्या दाखवत असेल तर त्या फायनलाइज, म्हणजे दुसऱ्या ड्राइव्हवर वाचता येतील अशा बंद, केलेल्या नसतील, तो कॅमेरा चालू असेल तर त्यातच करून घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या पिक्चरच्या डीव्हीडी रिजन १ च्या असतात, आपला रिजन ५ (रिजन म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालावी त्याचा कोड). ड्राइव्हमध्ये रिजन पाचच वेळा बदलता येतो, त्यामुळे तो खेळ करत बसू नका.

खालच्या चकचकीत बाजूचे ओरखडे सगळ्यात वाईट, हा सगळ्यांचा उलटा समज आहे. सीडीच्या खालच्या बाजूला जवळजवळ १.२ मिलीमीटर प्लास्टिक असतं, तिथले फार खोल नसलेले ओरखडे पॉलिश करून जातात. डेटा वर, नाव लिहितो त्या बाजूला पातळ लाखेखाली. आमच्या मुंजीच्या सीडीवर कोणीतरी हौसेने स्टिकर लावला होता, तो निघताना चंदेरी पापुद्राच घेऊन गेला, ट्यूबलाइटसमोर धरली की आरपार दिसतं. ती कुठल्याच ड्राइव्हवर निघायची नाही. बाकी अर्धवट वाचणाऱ्यांसाठी लिनक्समधलं डीडीरेस्क्यू वापरा, ते खराब डिस्कवरून जमेल तेवढा डेटा काढतं, कुठला भाग वाचून झाला त्याची नोंद असलेली मॅप फाईल ठेवली की राहिलेला भाग दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालू करता येतो, आणि एकाला न जमलेले सेक्टर दुसऱ्याला जमतात हे खरंच होतं.

तीन स्टार. एक केबलसाठी कापला, एक जुन्या सीड्यांवर आवाज फार करतो म्हणून. रिटर्नची मुदत संपायच्या आत एक छापील सीडी, एक राईट केलेली सीडी आणि एक डीव्हीडी टाकून बघाच.