सुमोमध्ये फूटपाथ घालताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सुमो हे वाहतुकीचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर पावसाळ्याच्या तोंडावर हातात घेतलं आणि अजून रोज उघडतोय. माझं काम चौकांचे सिग्नल आणि रस्त्यांचे आराखडे तपासायचं. गाड्यांसाठी सुमो कसं आहे यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते पुन्हा उगाळत नाही. मी लिहितोय ते पायी चालणाऱ्यांपुरतं: फूटपाथ आणि क्रॉसिंग मॉडेलमध्ये घालणं कितपत जमतं, आणि घातल्यावर स्क्रीनवर जे दिसतं त्यावर किती भरवसा ठेवायचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. सुमोत फूटपाथ घालणं सोपं आहे. तो पुण्यातला फूटपाथ वाटेल असा करणं हे खरं काम, आणि त्यातलं निम्मं काम संगणकावर होत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे जर्मन एरोस्पेस सेंटरने तयार केलेलं, 2001 पासून उपलब्ध असलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, विंडोजवर आणि लिनक्सवर चालतं. पादचाऱ्यांसाठी नावाजलेलं व्हिसिम पैसे मोजून घ्यावं लागतं, त्यामुळे विद्यार्थी आणि आमच्यासारखी छोटी ऑफिसं सुमोकडे वळतात, यात नवल नाही.

सुरुवात बहुतेकांची ओएसएम वेब विझार्डने होते, म्हणजे ओपन स्ट्रीट मॅप या खुल्या नकाशावरून मॉडेल बनवून देणाऱ्या, सुमोसोबतच येणाऱ्या साधनाने. नकाशावर डेक्कनचा चौकोन निवडायचा, पादचाऱ्यांवर टिक करायची, वाहतूक डावीकडून आहे हे न विसरता सांगायचं, आणि थोड्या वेळात गुडलक चौक, फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता असं सगळं समोर हजर. पहिल्यांदा बघताना भारी वाटतं. मग जरा झूम करून पेठांकडे सरकलं की हसू येतं. प्रत्येक बोळाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटरचा सलग फूटपाथ! कारण साधं आहे. ओपन स्ट्रीट मॅपवर आपल्याकडच्या फूटपाथची नोंद फारशी कुणी केलेली नाही, म्हणून सुमो अंदाज करतं, आणि तो अंदाज रस्त्याच्या वेगमर्यादेवरून असतो. साधारण ताशी 21 ते 50 किलोमीटरच्या पट्ट्यात बसणारा रस्ता दिसला की फूटपाथ घातलाच. रुंदी दिलेली नसेल तर 2 मीटर. रस्तोरस्ती चालण्याजोगे फूटपाथ हवेत असं सांगणारं पुणे महापालिकेचं पादचारी धोरण 2016 चं. सुमोने ते एका क्लिकमध्ये अख्ख्या शहरात राबवून दाखवलं, असं आम्ही ऑफिसात म्हणतो.

हे असंच ठेवून कुणी रिपोर्ट काढला तर त्या आकड्यांना काही अर्थ नाही. त्यामुळे अंदाजाचा पर्याय बंद करून मी फूटपाथ नेटएडिटमध्ये, म्हणजे सुमोच्या रस्ते आखायच्या एडिटरमध्ये, एकेक रस्ता धरून घालतो. ते सुटसुटीत आहे: रस्ता निवडायचा, फूटपाथची लेन जोडायची, रुंदी लिहायची. लेनची रुंदी मात्र त्या तुकड्यात सगळीकडे एकच राहते. मध्येच झाडाचा पार, डीपी बॉक्स किंवा बसस्टॉप आला तर रस्ता तिथे तोडून नवा नोड (दोन तुकडे जोडणारा बिंदू) टाकावा लागतो. प्रत्येक झाडाला नोड टाकत बसलं तर मॉडेलचा गुंता होतो. मी दोन चौकांमधली सर्वांत अरुंद मोकळी जागा धरतो आणि ती मोठ्या लांबीची असेल तरच रस्ता तोडतो.

मोकळी जागा टेपनेच मोजावी लागते. एका चौकाजवळ ज्युनिअर मुलगा टेपचं टोक धरून उभा होता आणि मी फरशीच्या कडेपासून वडापावच्या गाडीपर्यंतचं अंतर लिहीत होतो. गाडीवरच्या मावशींनी झारा खाली ठेवला. “साहेब, गाडी हलवायची का?” म्हटलं, “नाही हो मावशी, तुमच्यासकट धरतोय.” त्यांना ते पटलं नसावं, कारण आम्ही निघेपर्यंत त्यांचं लक्ष तेलाकडे कमी आणि टेपकडे जास्त होतं. कागदावर तीन मीटरचा असलेला फूटपाथ झाडाची जाळी, बोर्ड, वर चढवलेल्या दुचाक्या वजा केल्या की दीडवर येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 103 मध्ये किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, ती याच मोकळ्या जागेची.

आता अशी गोष्ट, जी मॅन्युअल वरवर चाळणाऱ्याच्या लक्षात येत नाही. सुमोचं मूळ पादचारी मॉडेल फूटपाथचे उभे पट्टे पाडतं. प्रत्येक पट्टा 0.64 मीटरचा, आणि माणसं पट्टे बदलत एकमेकांना चुकवतात. रुंदीत पूर्ण बसतील तेवढेच पट्टे धरले जातात. म्हणजे 1.8 मीटरला दोन पट्टे, 2 मीटरला तीन. वीस सेंटिमीटरच्या फरकाने क्षमता एकदम दीडपट! आणि उलट, 1.3 मीटर मोजा की 1.9, मॉडेलला दोन्ही सारखेच. ज्या शहरात सगळा वादच त्या अर्ध्या मीटरवरून असतो तिथे हे महागात पडतं. पट्ट्याची रुंदी बदलता येते. मी ती थोडी वेगवेगळी ठेवून तीच स्थिती पुन्हा चालवतो आणि निकाल किती हलतो ते पाहतो. फारच हलला तर तो आकडा क्लायंटला दाखवत नाही.

समोरासमोरची गर्दी वाढली की याच पट्ट्यांमध्ये माणसं अडकतात. कुणीच मागे हटत नाही. सुमोचा उपाय मजेशीर आहे: ठरावीक वेळ अडकलेला माणूस समोरच्याच्या अंगातून पार होतो. साध्या फूटपाथवर ही मुदत 300 सेकंद, क्रॉसिंगवर 10. कॉलेज सुटायच्या वेळेचं मॉडेल चालवलं आणि माणसं पाच-पाच मिनिटं पुतळ्यासारखी उभी दिसली, तर तो सिग्नलचा दोष समजू नका.

क्रॉसिंग हा सुमोचा भक्कम भाग. नेटएडिटमध्ये चौक निवडून ज्या रस्त्यांवरून झेब्रा क्रॉसिंग जायचं ते ठरवलं की कोपऱ्यावरची थांबायची जागा आपोआप तयार होते. एक अडचण जवळपास प्रत्येकाला येते: सुमोत सिग्नलचा प्रत्येक टप्पा लाल-हिरव्याच्या अक्षरांच्या ओळीने लिहिलेला असतो, आणि क्रॉसिंग घातलं की त्या ओळीत तेवढी अक्षरं वाढतात. आधी हाताने लिहिलेला सिग्नलचा कार्यक्रम असेल तर लांबी जुळत नाही आणि सुमो चालायलाच नकार देतं. म्हणून आधी सगळी क्रॉसिंग घालावीत, मगच सिग्नलला हात लावावा.

चौकात नाही तर रस्त्याच्या मधोमध क्रॉसिंग हवं असेल तरीही रस्ता तोडून नोड टाकावा लागतो. तो टाकला नाही तर सुमोमधला माणूस समोरच्या दुकानात जायला पुढच्या चौकापर्यंत जातो, ओलांडतो, आणि परत मागे चालत येतो. डिव्हायडरच्या फटीतून एकही जण जात नाही. आपल्याकडे याच्या उलट चित्र असतं, म्हणून लोक खरोखर जिथे ओलांडतात तिथे मी बिनसिग्नलचं क्रॉसिंग घालतो आणि त्याला गाड्यांवर प्राधान्य देत नाही. मग माणूस गाड्यांमध्ये फट मिळेपर्यंत थांबतो. हात दाखवत एकेक लेन सर करत जाणं त्याला येत नाही, तरी प्रतीक्षेचा अंदाज बराच जवळ येतो.

गाडीवाल्यांचा सभ्यपणा हा दुसरा जर्मन गुण. सिग्नलला वळणारी गाडी पादचाऱ्यासाठी थांबते, तीही अदबीने! डावीकडे वळणारी दुचाकी आपल्याकडे कशी वळते ते सांगायला नको. वाहनाच्या प्रकारात एक आकडा असतो: पादचारी किती अंतरावर असेपर्यंत गाडी क्रॉसिंगवरून निघून जाईल. मुळात तो 10 मीटर आहे. दुचाकी आणि रिक्षांसाठी मी तो बराच खाली आणला, तेव्हा कुठे चौक ओळखीचा वाटायला लागला.

फूटपाथवरून जाणारी दुचाकीसुद्धा दाखवता येते, त्या लेनवर मोटरसायकलला परवानगी देऊन. पण मग ती माणसाच्या मागे शांतपणे रेंगाळते, हॉर्न नाही, काही नाही. मी हा प्रयोग सोडून दिला. बसस्टॉपवर उभी असलेली माणसंही चालणाऱ्यांच्या वाटेत येत नाहीत. पीएमपीच्या (शहर बससेवेच्या) स्टॉपजवळ फूटपाथ मुद्दाम अरुंद लिहूनच ते भरून काढावं लागतं.

एवढ्या तक्रारी करूनही मी हे का वापरतो? चालणाऱ्याचा वाया गेलेला वेळ सुमो गाड्यांच्या वेळेसारखाच सेकंदात लिहून देतं. एका चौकात आम्ही गाड्यांची रांग कमी करणारा सिग्नल बसवला होता. मीटिंगमध्ये सगळे खूश. मग पादचारी घालून तेच पुन्हा चालवलं, तर चौक तिरका ओलांडणाऱ्याला दोन वेळा लाल लागत होता आणि त्याची थांबण्याची वेळ गाडीवाल्यापेक्षा किती तरी जास्त निघाली. तोपर्यंत तो माणूस हिशेबातच नव्हता. सिग्नलची सायकल, म्हणजे लाल-हिरव्याचा पूर्ण फेरा, छोटी करून थोडा समतोल साधला. गाड्यांची रांग किंचित वाढली, पण ती वाढ टेबलावर कुणाला फारशी बोचली नाही, कारण दुसरा आकडा शेजारीच छापलेला होता.

विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी घ्यायचं असेल तर एकच चौक घ्या, अख्खं डेक्कन नको. दुचाक्यांसाठी सबलेन (एकाच लेनमध्ये शेजारी-शेजारी वाहनं चालू देणारा पर्याय) चालू केलं की लॅपटॉप घामाघूम होतो, त्यात हजारभर माणसं सोडली तर चहा पिऊन या. लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबरला पादचारी दिनाला गाड्या बंद असतात तशा गर्दीसाठी पट्ट्यांचं मॉडेल अपुरंच पडतं. युलिखच्या संशोधन केंद्राचं जुपेडसिम सुमोला जोडता येतं, त्यात माणसं पट्ट्यांत न अडकता मोकळ्या जागेत फिरतात. ते मी आत्ताच सुरू केलंय. पहिल्या रनमध्ये माणसं खांबाला वळसा घालून गेली, हेच मला पुष्कळ वाटलं.