कुत्र्याच्या कवटीची रेझिन प्रतिकृती: वर्गासाठी घ्यावी का?

सस्तन प्राण्यांची लक्षणं म्हटली की केस आणि दूध. कवटीत दोन्ही दिसत नाहीत. तरीही वर्गात न्यायला हीच वस्तू उत्तम, कारण जीवाश्मात सस्तन प्राणी ओळखतात तो मुख्यतः जबडा आणि दातांवरून.

पूर्ण आकाराच्या या प्रतिकृतीचा खालचा जबडा सुटा असून दोन स्प्रिंगांनी अडकवलेला आहे. पैसे मोजायचे ते यासाठीच. चिकटवलेल्या जबड्याची स्वस्त कवटी घेऊ नका. जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असते, हे हातात घेऊनच पटतं. सरड्यात किंवा कोंबडीत तिथे अनेक हाडं जोडलेली असतात. त्यांच्यात जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा असतो, ती सस्तन प्राण्यांत मधल्या कानात जाऊन हातोडी आणि ऐरण झाली. कानातलं तिसरं हाड, रिकीब, आधीपासून होतंच.

सांधा नीट तपासा. कुत्र्याचा जबडा बिजागरीसारखा वरखाली हलतो. खोबण सैल ओतली गेली असेल तर तो गाईसारखा आडवा फिरतो आणि मुलं चुकीचं शिकतात. स्प्रिंग फार ताठ असेल तर सांध्याची कड झिजते. काम झालं की ती काढून ठेवा.

मग दात मोजा. एकूण ४२ हवेत: वर २०, खाली २२. खालची शेवटची दाढ अगदी बारीक असते. साच्यात हवेचा बुडबुडा अडकला की तीच गायब होते. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा असे चारही प्रकार इथे स्पष्ट उतरलेत. मात्र दुधाचे २८ दात पडून कायमचे येतात, हे प्रौढ कवटीत दिसणार नाही.

मागे मणक्यावर टेकणारे दोन उंचवटे आहेत. पक्ष्यांत आणि सरड्यांत एकच असतो. पण बेडकालाही दोन असतात, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका.

मोठी उणीव नाकात आहे. श्वासातली हवा ऊबदार आणि ओलसर करणारी कागदासारखी पातळ, गुंडाळलेली हाडं साच्यातून निघत नाहीत, त्यामुळे आत नुसती पोकळी आहे. कानातली हाडंही नाहीत. दोन्हींसाठी आकृती लागेलच.

धूळ मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढा. थिनर लावला तर रंग जातो. उन्हात ठेवली तर पातळ भाग वाकतात.

तुलनेसाठी चिकनवाल्याकडून कोंबडीचं डोकं आणा. मंद आचेवर शिजवून मांस सोडवा. खळखळ उकळू नका, नाहीतर जबड्याच्या सांध्यातलं ते छोटं चौकोनी हाड (सस्तन प्राण्यांत ऐरण झालेलं) सुटून गाळणीतून निसटेल, आणि दाखवायचं नेमकं तेच आहे.