रोबोटिक्सचं शिक्षक-प्रशिक्षण : पाच दिवस केले, त्याबद्दल

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. प्रोग्रामिंग आधी कधी केलं नव्हतं. हायस्कूलच्या शिक्षकांसाठी असलेलं हे प्रशिक्षण मी पूर्ण केलं. जायचा विचार असेल तर दुसऱ्या दिवसासाठी नक्की जा.

त्या दिवशी छोटी गाडी बनवायला तिघातिघांच्या गटाला आर्डुइनो उनो (ज्यावर प्रोग्राम चढवतात तो छोटा बोर्ड), मोटर ड्रायव्हर, दोन मोटरी आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी दिली. बोर्डाच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह घ्यावा, मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो, म्हणून मध्ये बॅटरीचा प्रवाह मोटरला देणारा ड्रायव्हर, हे नीट समजावलं. जोडणी झाली, कोड चढला. पण आमची गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्यात गचका देऊन थांबायची, बोर्डावरचा दिवा मंद व्हायचा आणि प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाऊण तास आम्ही कोडमधली चूक शोधत होतो. प्रशिक्षकांनी गाडीला हात लावला नाही. मल्टिमीटर पुढे केला आणि एवढंच विचारलं, "मॅडम, गाडी अडते त्या क्षणी बॅटरी किती दाखवते?"

मोटरी बंद असताना ९ च्या वर. चालू केल्या की आकडा ६ च्याही खाली. बॅटरीचा अंतर्गत रोध! जास्त प्रवाह ओढला की बॅटरीच्या आतच व्होल्टेज पडतं, म्हणून बोर्ड पुन्हा सुरू व्हायचा. इतकी वर्षं फळ्यावर गणितं सोडवली, पण तो माझ्या डोळ्यांसमोर घडताना पहिल्यांदा पाहिला. लिथियमचे दोन सेल जोडले आणि गाडी सरळ धावली. उत्तर आयतं न सांगणारा प्रशिक्षक मिळणं ही या प्रशिक्षणाची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरचं सत्रही आवडलं. भिंत २० सेंटिमीटरवर, प्रतिध्वनी यायला सुमारे ११६६ मायक्रोसेकंद. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा, जाऊन-येऊन अंतर दुप्पट म्हणून दोनने भागा. पाठ्यपुस्तकातला प्रतिध्वनीचा धडा असा टेबलावर करता येतो. वेग तापमानानुसार बदलतो हे मुलांना मोजून दाखवता येईल का, असा विषय निघाला आणि जेवायची सुट्टी त्यातच संपली.

लाइन फॉलोअरचं, म्हणजे काळ्या पट्टीवरून आपोआप चालणाऱ्या गाडीचं, सत्र ठीक होतं.

शेवटच्या दिवशी मात्र निराशा झाली. तयार कोड पेन ड्राइव्हवर दिला, सगळ्यांच्या गाड्या काळ्या पट्टीवरून धावल्या, फोटो निघाले, प्रमाणपत्रं मिळाली. माझ्या वर्गात ४० मुलं, संच ५ आणि तास ३५ मिनिटांचा. खोकी उघडून तारा मोजण्यातच दहा मिनिटं जातात. आठांच्या गटात हात दोघांचेच चालतात, बाकीचे बघत बसतात, आणि त्यांत मुलीच जास्त असतात. याचं काय करायचं, हे मी दोनदा विचारलं. "ते तुम्ही जमवून घ्याल" असं उत्तर आलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात याला अख्खा एक दिवस हवा होता. पाठाचा एक नमुनाही कोणी करून दाखवला नाही.

परत आल्यावर मी माझ्यापुरतं ठरवलं : जोडणारा, मोजणारा, नोंदणारा अशी कामं वाटायची आणि दर तासाला फिरवायची. पहिल्या तासाला एका गटाला मुद्दाम तीच ९ व्होल्टची बॅटरी दिली. गाडी अडली. थोड्या वेळाने नोंदवहीवाली मुलगी म्हणाली, "बाई, मल्टिमीटर द्या ना."