हार्ट रेट मॉनिटर: छातीला, दंडाला की मनगटाला?

सिंहगडाचा चढ संपतो, उतार सुरू होतो, पाय थांबतात. नेमका तेव्हाच छातीच्या पट्ट्याचा आकडा १५५ वरून २१० वर उडी मारतो. सोबतच्याचं घड्याळ त्याच चढावर, त्याला धड बोलताही येत नसताना, निवांत १०८ दाखवत होतं. दोन्ही आकडे खोटे, पण खोटे असण्याची कारणं अगदी निराळी. म्हणून 'सगळ्यात अचूक कोणता' एवढं विचारून निवड होत नाही. पट्टा, आर्मबँड (दंडाला किंवा कोपराखाली बांधायचा सेन्सर), घड्याळ, तिन्ही चुकतात. मात्र प्रत्येकाची चुकण्याची वेळ आणि तऱ्हा ठरलेली असते. आपल्या सायकलिंगला यातली कुठली चूक चालण्यासारखी आहे, ते आधी बघावं.

कोण काय मोजतं

छातीचा पट्टा वीज मोजतो. ईसीजीच्या कागदावर जे उंच टोक दिसतं, ते टोक पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन वाहक पॅड पकडतात, आणि दोन टोकांमधल्या वेळेवरून पॉड, म्हणजे पट्ट्यावर टिचबटणांनी बसवलेली छोटी डबी, ठोके काढतो. हा संकेत छातीवर जेमतेम एखाद्या मिलिव्होल्टचा असतो. कातडी आणि पॅड यांच्यात ओलावा नसेल तर तो पॉडपर्यंत पोचतच नाही.

आर्मबँड आणि घड्याळ प्रकाशावर चालतात. हिरवा एलईडी कातडीत उजेड टाकतो. ठोक्याबरोबर रक्त भरलं की उजेड जास्त शोषला जातो, ओसरलं की जास्त परत येतो. या कमी-जास्तावरून आकडा निघतो. हात हलला, सेन्सर उचलला गेला, बाहेरचं ऊन आत शिरलं किंवा गारठ्यानं कातडीतलं रक्त आटलं, की हिशेब बिघडतो. थोडक्यात, पट्ट्याचं वैर कोरडेपणाशी आणि स्थिर विजेशी, तर प्रकाशाच्या सेन्सरचं हालचालीशी आणि थंडीशी. पुढचं जवळपास सगळं यातूनच येतं.

मनगटावरचं घड्याळ

झोप, विश्रांतीतले ठोके, चालणं यासाठी घड्याळ चांगलं. सायकलवर त्याला चुकीची जागा मिळते. हूड्स (ब्रेकच्या दांड्यांवरचे रबरी भाग) धरले की मनगट वाकतं, पकड घट्ट झाली की सेन्सरखालच्या शिरा आणि स्नायूबंध सरकतात, आणि खड्ड्यांची थरथर हँडलबारमधून थेट तिथे पोचते. डिसेंबरच्या पहाटे तर बोटांत आणि मनगटात रक्तच कमी असतं. आलेख पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: चढ सुरू होऊन दोन मिनिटं झाली तरी आकडा जागेवर, आणि मग एकदम तीस ठोक्यांची उडी.

घड्याळ आधीच हातात असेल तर ते मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून नेहमीपेक्षा एक भोक घट्ट बांधा. निघण्याआधी पाच मिनिटं हात उबदार ठेवा. टॅटू असलेल्या मनगटावर मात्र फारशी आशा ठेवू नये, कारण शाई हिरवा उजेड गिळते. ऑफिसला सायकलनं जाणाऱ्याला किंवा वजन उतरवण्यासाठी तासभर फिरणाऱ्याला एवढं पुरतं. बऱ्याच घड्याळांत ठोके सायकल कॉम्प्युटरला पाठवण्याची ब्रॉडकास्टची सोयही असते. पण झोन, म्हणजे ठोक्यांचे ठरवलेले टप्पे, बघून सराव करायचा असेल तर घड्याळाच्या भरवशावर राहू नका.

आर्मबँड

सेन्सर तोच, जागा सुधारलेली. कोपराच्या जरा खाली किंवा दंडावर मांस भरपूर असतं, हालचाल कमी असते आणि दंडावर जर्सीची बाही ऊन अडवते. थंडीतही मनगटापेक्षा तिथे ऊब जास्त. सलग पेडलिंगमध्ये चांगल्या आर्मबँडचा आकडा छातीच्या पट्ट्याच्या एक-दोन ठोके इकडे-तिकडे राहतो. मागे पडतो तो अचानक बदलात. वीस सेकंदांची स्प्रिंट मारली तर पट्ट्यावरचा आलेख आधी उठतो, आर्मबँडवरचा काही सेकंद मागून येतो आणि टोक जरासं बोथट करून टाकतो.

बांधण्यात दोन चुका हमखास होतात. एक, पट्टी सैल ठेवणं. काढल्यावर कातडीवर सेन्सरचा हलका ठसा दिसायला हवा, पण बोटांना मुंग्या येता कामा नयेत. दुसरी, सनस्क्रीन लावून लगेच वर आर्मबँड चढवणं. सनस्क्रीनचा थर सेन्सरच्या काचेवर बसतो आणि पुढच्या राइडलाही तसाच राहतो. आधी आर्मबँड, मग सनस्क्रीन. परतल्यावर काच ओल्या फडक्यानं पुसायची.

आर्मबँडची खरी मर्यादा चार्जिंगची. पोलर व्हेरिटी सेन्स आणि वाहू टिकर फिट या दोन्हींसाठी कंपनी ३० तास सांगते. बीआरएमच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, वेळांशी ते ताडून बघा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. म्हणजे ४०० पर्यंत नवा आर्मबँड तरतो, दोन वर्षं वापरलेल्याची खात्री नाही, आणि ६०० ला झोपेच्या थांब्यावर पॉवरबँक लावावीच लागते. छातीच्या पट्ट्याला ही चिंता नाही. पोलर एच१० च्या बटण सेलला ४०० तास सांगितले जातात, वाहू टिकरला ५००.

छातीचा पट्टा

बिनतारी छातीचा पट्टा बाजारात आला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, फिनलंडच्या पोलरकडून. चार दशकं झाली तरी मूळ कल्पना तीच आहे, कारण ती बरोबर आहे. इंटरव्हल (आलटून पालटून जोर आणि विश्रांती), घरातला ट्रेनर (सायकल जागेवर चालवायचं यंत्र), थ्रेशोल्ड टेस्ट (किती जोर टिकवता येतो याची चाचणी), पॉवर मीटरशी (पायांचा जोर मोजणारं साधन) जुळवणी, यासाठी पट्टाच घ्या. दोन ठोक्यांमधल्या अंतराचा बारीक अभ्यास करायचा असेल तरीही पट्टाच.

त्रास आहे तो कातडीचा. कोकणात किंवा गोव्याकडे जाणाऱ्या लांब राइडमध्ये, दमट हवेत सात-आठ तासांनी पट्ट्याखाली घामोळं उठतं, कडेला कातडी सोलवटते. त्यावर व्हॅसलीन लावतात, पण ते फक्त कापडी भागाखाली लावावं. पॅडखाली गेलं तर वीज अडते आणि दिवसभर आकडा भरकटतो. स्पोर्ट्स ब्राची खालची पट्टी पट्ट्यावर चढली की दाब दुप्पट होतो. मग पट्टा ब्राच्या खाली बोटभर सरकवायचा, नाहीतर सरळ आर्मबँड घ्यायचा. पेसमेकर असेल तर कुठलाही पट्टा घेण्याआधी आपल्या हृदयविकारतज्ज्ञाला विचारा.

छाप कोणती, हा प्रश्न लोक समजतात तेवढा मोठा नाही. पोलर, गार्मिन, वाहू यांचे पट्टे महाग, कुस्पो आणि मॅजीनचे बरेच स्वस्त. नुसते ठोके मोजण्यात स्वस्त पॉड फारसा मागे नसतो. फरक पडतो तो कापडात, पॅडच्या टिकाऊपणात आणि सुटा पट्टा नंतर मिळेल का यात.

जोडणी

अँट प्लस (ब्लूटूथसारखीच, खेळाच्या सेन्सरांची बिनतारी पद्धत) आणि ब्लूटूथ दोन्ही असलेलाच सेन्सर घ्या. अँट प्लसवर सेन्सर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतो, त्यामुळे सायकल कॉम्प्युटर, घड्याळ आणि ट्रेनर एकाच वेळी ऐकू शकतात. ब्लूटूथवर जोडण्या मोजक्या. स्वस्त पट्ट्यांत बहुधा एकच, एच१० मध्ये दोन, पण त्याही आधी पोलरच्या अ‍ॅपमधून चालू कराव्या लागतात. 'कॉम्प्युटरला पट्टा सापडत नाही' या तक्रारीत बहुतेक वेळा खिशातल्या फोनवरचं एखादं अ‍ॅप पट्टा धरून बसलेलं असतं. फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि परत शोधा. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन पट्टा जोडू नका, अ‍ॅपच्या आतून जोडा.

पहिली जोडणी घरी करा. ग्रुप राइडच्या सुरुवातीला वीस जणांचे सेन्सर बोलत असतात, आणि दुसऱ्याचेच ठोके आपल्या स्क्रीनवर येतात. जोडताना इतर सेन्सरांपासून दहा मीटर लांब राहायचं. घरच्या ट्रेनरवर अँट प्लसचा डोंगल लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये लावला असेल आणि आकडा तुटत असेल, तर एक्स्टेन्शन केबलनं डोंगल सायकलजवळ आणा. ते पोर्ट अँट प्लसच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत गोंगाट करतं.

आलेख बघून दोष ओळखणं

पहिली दहा मिनिटं वेडीवाकडी आणि नंतर सगळं सरळ: पॅड कोरडे होते. घाम आल्यावर ते आपोआप जुळतं. घालण्याआधी दोन्ही पॅड नळाखाली नीट भिजवा, बोटानं नुसतं ओलं केलं तर भागत नाही. थंडीत पाणी वाळतं, तेव्हा मेडिकलमध्ये मिळणारं ईसीजी जेल वाटाण्याएवढं प्रत्येक पॅडवर लावा. छातीवर केस दाट असतील तर तीही जागा ओली करा.

उतारावर २०० च्या वर: हा सिंहगडचा किस्सा. घाम वाऱ्यानं वाळतो, सैल पॉलिएस्टर जर्सी किंवा विंडचीटर फडफडून पट्ट्यावर घासतं, आणि साठलेली स्थिर वीज त्या एका मिलिव्होल्टला बुडवून टाकते. जर्सीची झिप वर ओढा, अंगाला बसणारी जर्सी घाला, जेल वापरा. पावसाळ्यात हा दोष गायब होतो, आणि लोकांना वाटतं पट्टा दुरुस्त झाला. डिसेंबरात तो परत येतो.

खऱ्याच्या दुप्पट आकडा: पॉड ईसीजीतलं दुसरं टोकही ठोका म्हणून मोजतो आहे. पॉड मध्यापासून दोन-तीन सेंटिमीटर डावीकडे सरकवून बघा.

आकडा कॅडेन्सला (मिनिटाला पेडलचे फेरे) चिकटलेला: हा फक्त प्रकाशाच्या सेन्सरचा दोष. धावताना जास्त दिसतो, पण खडबडीत रस्त्यावर सायकलवरही होतो. तपासणी सोपी आहे. जोर तेवढाच ठेवून जड गिअर टाका आणि कॅडेन्स ९० वरून ७५ वर आणा. काही सेकंदांत ठोकेही ७५ कडे धावले तर ते तुमच्या पायांचे आहेत.

मध्येच रेघ तुटते: फोन जर्सीच्या मागच्या खिशात आणि पॉड छातीवर असेल, तर मधलं शरीर हा संदेश अडवतं. हँडलबारवरच्या कॉम्प्युटरलाही तसंच होत असेल तर सेल बघा. सेल बदलताना नंबर नीट वाचा. २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. २०२५ चा व्यास तोच, जाडी मात्र २.५. दुकानदार 'चालेल हो' म्हणत २०३२ च्या जागी २०२५ देतो, घरी चालतोही, पण खड्ड्यात सेल हलतो आणि आकडा जातो. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप असतो, त्यानंही कधी कधी संपर्क नीट होत नाही. झाकणाची रबरी रिंग जागेवर नसेल तर घाम आत जातो आणि नवा सेलही महिन्याभरात बसतो.

दोन तास एकाच जोरात चालवून ठोके हळूहळू दहा-पंधरानं वर: दोष नाही. एप्रिलच्या उन्हात पाणी कमी पडलं की हृदय तेच काम जास्त ठोक्यांत करतं. सेन्सर खरं बोलतोय.

शंका असेल तर थांबून मानेवरची नाडी लगेच १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा. पूर्ण मिनिट मोजत बसू नका, थांबल्यावर पहिल्याच मिनिटात ठोके वीस-तीसनं उतरतात. आकडा एकदम वर जाऊन काही मिनिटं तिथेच राहिला, तसाच एकदम खाली आला, आणि त्या वेळी धडधड किंवा चक्कर जाणवली, तर सेल बदलत बसू नका. ती राइड डॉक्टरांना दाखवा.

पट्टा टिकवणं

राइड संपली की पॉड टिचबटणांतून सोडवा. घामानं भिजलेला पट्टा दोन्ही बटणं जोडून ठेवतो, पॉडला वाटतं माणूस अजून सायकलवर आहे, आणि सेल रात्रभर जळतो. पट्टा साध्या पाण्यात चोळून धुवा, आठवड्यातून एकदा सौम्य साबणानं. पिळू नका, मशीनमध्ये टाकू नका, कपडे मऊ करणारं द्रव्य लावू नका, सावलीत वाळवा. टिचबटणांवर हिरवट थर दिसला तर तो घामाच्या मिठानं धरलेला गंज. जुन्या टूथब्रशनं घासून काढा.

नवा मॉनिटर घेण्याआधी मल्टिमीटर काढा आणि रोध (ओहम) मोजायला लावा. पॅड जरा ओला करा, एक टोक त्यावर आणि दुसरं त्याच बाजूच्या टिचबटणावर ठेवा, मग दुसऱ्या बाजूला तेच करा. एका बाजूला आकडा येतो आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, म्हणजे आतली वाहक पट्टी तुटली. पॉड ठणठणीत आहे, फक्त पट्टा गेलाय. रोज चालवणाऱ्याचा पट्टा साधारण वर्ष-दीड वर्षात असा जातोच. सुटा पट्टा मागवताना छापेवर जाऊ नका. दोन टिचबटणांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा आणि विक्रेत्याला तेच विचारा. दोन मिलिमीटरचा फरक असला तरी पॉड बसत नाही.