पृथ्वी नष्ट करायचीच झाली, तर ती फोडायची की फाडायची?

फोडायची तर हिशेब सरळ आहे. प्रत्येक कण गुरुत्वाकर्षणाच्या तावडीतून कायमचा सुटला पाहिजे. त्यासाठी साधारण 2.4×10³² जूल लागतात, म्हणजे सूर्य आठवडाभर जेवढी ऊर्जा ओकतो तेवढी सगळी. प्रतिद्रव्य (साध्या द्रव्याला भिडताच दोघांची पूर्ण ऊर्जा होते असा पदार्थ) वापरलं तरी ते लाख कोटी टनांहून जास्त हवं. शिवाय जोर कमी पडला तर तुकडे पुन्हा एकत्र येऊन गोळा तयार होणार, मेहनत पाण्यात!

फाडणं त्यामानाने स्वस्त वाटतं. ग्रह ताऱ्याच्या रोश मर्यादेच्या आत गेला की जवळच्या आणि लांबच्या बाजूवरच्या ओढीतला फरकच त्याला फाडतो. सूर्याच्या केंद्रापासून सुमारे 11 लाख किलोमीटरवर पृथ्वीची ही गत होईल. शूमेकर-लेव्ही 9 धूमकेतूचे गुरूजवळ 1992 मध्ये असेच तुकडे झाले आणि 1994 मध्ये ते गुरूवर आदळले.

पण पृथ्वीला तिथे नेणार कोण? त्यासाठी तिचा कक्षेतला सेकंदाला 30 किलोमीटरचा वेग जवळजवळ सगळा मारावा लागेल. ती ऊर्जा फोडण्याच्या दहापट भरते. त्यामुळे माझं मत फोडण्यालाच. फाडण्याचं काम मंगळाचा चंद्र फोबोस याच्यासारख्यांसाठी ठीक, तो आपणहूनच खाली सरकतोय.