मांजरासाठीचा स्क्रॅचिंग पोस्ट: दोन स्टार, तेही फक्त दोरीसाठी

आमच्या चिंगीने सोफ्याचा एक हात पार सोलून काढला तेव्हा वैतागून हा खांब ऑनलाइन मागवला, साडेनऊशे रुपये, फोटोत मांजर इतकं ऐटीत उभं होतं की वाटलं चला, सोफा वाचला. खोक्यातून निघालं काय तर दीड फुटाचं दांडकं आणि खाली ताटाएवढं हलकं बूड. चिंगीने पुढचे दोन पंजे रोवून जोर लावला मात्र, खांब धाडकन तिच्याच अंगावर! पलंगाखाली गेली ती थेट रात्री जेवायलाच बाहेर, आणि नंतर त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

बनवणाऱ्यांनी मांजर कधी नीट बघितलंय का हाच प्रश्न आहे. नखाला धार लावतात म्हणतो आपण, पण ती काय सुरीसारखी घासून लागत नाही, नखाचे थर असतात, ओरबाडताना वरचं जुनं टरफल निघून येतं आणि आतलं टोकदार नख मोकळं होतं. सोफ्याखाली झाडताना मला ही पोकळ टरफलं सापडतात, पहिल्यांदा तर नखच तुटलं समजून घाबरले होते. (मागच्या पायांची मात्र ती दातांनीच सोलते.) पंजात वासाच्या ग्रंथी पण असतात, म्हणजे आपला सोफा ही तिची दारावरची पाटी.

ताडोब्यात गाइडने वाघाने ओरबाडलेलं झाड दाखवलं होतं, माझ्या डोक्याच्याही वरपर्यंत ओरखडे. मागच्या पायांवर उभं राहून अख्खं अंग ताणून ओरबाडतात ते, चिंगीचंही सेम. त्यानेच धुळीतला ठसा दाखवला, त्यात नखं नव्हतीच, चालताना आत घेतलेली असतात म्हणून टोक टिकतं, कुत्र्याची कायम बाहेर म्हणून झिजून बोथट.

तर चिंगी ताणली की अडीच फूट भरते, तिला दीड फुटाचा खांब काय कामाचा? वर बूड जड नको का?

परत करायला गेले तर सेलर म्हणे वापरलेला माल घेत नाही. अहो वापरला असता तर परत कशाला दिला असता! शेवटी त्याची दोरी सोडवली, दोरी खरंच चांगली आहे, कमी पडली तेवढं सुंभ बोहरी आळीतून आणलं, गच्चीवरच्या जुन्या लाकडी वाशाला गच्च गुंडाळलं आणि खाली जाड प्लायवूड ठोकलं. आता रोज सकाळी झोपेतून उठली की आधी तिकडे. सोफ्याचा दुसरा हात अजून शाबूत आहे.